चौथा खांदा : केडगावच्या पंडिता रमाबाई



दौंडहून पुण्याला रेल्वेने निघालो की वाटेत केडगाव स्टेशन लागते. आपल्यापैकी अनेकजण नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी या मार्गाने नेहमी जातात. केडगाव आले की कोणी चहावाल्याला हाक मारतो, कोणी आपली जागा सांभाळतो आणि गाडी पुढे सरकते. या गावात मुक्ती मिशन आहे आणि तिथल्या मातीत एक स्त्री विसावली आहे, जिचे नाव एकेकाळी कलकत्त्यापासून बोस्टनपर्यंत आदराने घेतले जात होते. पण गाडीत बसलेल्या आपल्याला त्याची आठवण क्वचितच होते.

ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल हा त्यांच्या निधनाचा दिवस. त्यानिमित्ताने त्यांच्या जीवनाकडे थोडे निवांतपणे पाहावे असे वाटले. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. मग आपल्या धर्मग्रामाच्या पत्रिकेत त्यांच्याविषयी का लिहायचे, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. त्याचे कारण सांगतो.

१९६८ सालापासून ख्रिस्तसभा १ जानेवारी हा दिवस जागतिक शांती दिन म्हणून पाळते. पोप सहावे पॉल यांनी ही प्रथा सुरू केली. त्या दिवशी आपण मिस्सामध्ये जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करतो. तेव्हा डोळ्यांसमोर येतात ती दूरदेशीची युद्धे आणि टीव्हीवर दिसणारी पडलेली घरे. परंतु २०१८ साली नेमक्या १ जानेवारीलाच आपल्या शिरूर तालुक्यात, कोरेगाव भीमा येथे दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि एका तरुणाला प्राण गमवावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये केडगावजवळ यवत येथे मोबाईलवरच्या एका मजकुरावरून गावातली शांतता भंगली. म्हणजे शांती हा काही केवळ दूरच्या राष्ट्रांचा विषय नाही. तो आपल्या रस्त्यावरचा, आपल्या बाजाराचा, आपल्या आळीचा विषय आहे. आणि आपल्याच तालुक्यात एका स्त्रीने हा विषय भाषणांनी नव्हे तर स्वयंपाकघरातून, विहिरीपासून आणि शेतातून हाताळला. म्हणून रमाबाईंची आठवण.

वेताच्या पेटाऱ्यातले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे पाप मानले जाई. अनंतशास्त्रींनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यावरून पंडितांचा रोष ओढवला तरी ते मागे हटले नाहीत. पुढे आलेल्या-गेलेल्या यात्रेकरूंचा पाहुणचार करता करता घरची संपत्ती आटली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा तेव्हा अवघी सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात ठेवून तिला नेण्यात आले. त्या दिवसापासून जी भटकंती सुरू झाली ती अनेक वर्षे थांबली नाही.

देवळाच्या ओसरीवर पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची, पुढच्या क्षेत्राला जायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. आईने पहाटे उठवून लेकीला शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्या लहान मुलीला मुखोद्गत झाले. शाळा नाही, पाटी नाही, आणि तरीही विद्या अशी की पुढे मोठमोठे पंडित थक्क व्हावेत.

मग दुष्काळ आला. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. लोकांजवळच धान्य नाही तर पुराण कोण ऐकणार? जवळचे होते नव्हते ते विकून संपले. मोलमजुरी करणे हे आपल्या जातीला कमीपणाचे, अशी समजूत असल्यामुळे काम मागायलाही हे कुटुंब जाईना. झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी वृद्ध वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही जीव देऊ नका, अशी त्याने विनवणी केली आणि वडिलांनी तो विचार सोडला. तरीही भुकेने पोखरलेले शरीर फार दिवस टिकले नाही. वडील गेले.

चौथा खांदा

वडिलांच्या मागोमाग, दीडेक महिन्यात, आईही अंथरुणाला खिळली. आईला भाकरीचा तुकडा मिळावा म्हणून रमा एका शेजारणीच्या दारात उभी राहिली. पण मागायला जीभ उचलेना, डोळ्यांतून नुसते पाणी येऊ लागले. त्या बाईने ओळखले आणि भाकरी दिली. ती आईपर्यंत पोहोचली तेव्हा आईला ती चावण्याचेही त्राण उरले नव्हते.

आई गेली आणि आणखी मोठा प्रश्न उभा राहिला. स्मशान सुमारे तीन मैल दूर आणि तिरडीला खांदा द्यायला कुणी नाही. परके, उपाशी, कफल्लक लोक! त्यांच्यासाठी कोण चालणार? अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे आणि तिसरा श्रीनिवास. चौथा खांदा रिकामाच राहिला. स्त्रीने तिरडीला खांदा देऊ नये, असा रिवाज. पण दुसरा इलाज नव्हता. ती चौथी जागा रमाने घेतली. उंचीने ती इतकी लहान होती की तिचा खांदा तिरडीला पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तशीच ती स्मशानापर्यंत चालत गेली.

बंधू-भगिनींनो, रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते. माणूस माणसाच्या उपयोगी पडतो की नाही, हे मोठ्या सभेत कळत नाही. खांद्याला एक माणूस कमी पडतो तेव्हा ते कळते.

काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. थंडीत पांघरायला काही नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करायचे, त्यात झोपायचे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. अशा अवस्थेत हजारो मैल चालून १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली.

पंडिता

कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. जिच्या आईच्या तिरडीला माणसे मिळाली नव्हती, तिला पाहायला आता गर्दी जमू लागली.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. समाजाने दोघांनाही दूर लोटले. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, अशी विधवा झालेली ही विदुषी महाराष्ट्रात आली.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार झाल्या पाहिजेत, असा आग्रह धरला. स्वतःला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते स्वप्न मात्र अपुरे राहिले.

विहिरीपाशी

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. या भगिनींनी एकदा त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे नेले. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते अशा स्त्रियांना तिथे आसरा मिळत होता. तिथे काम करणाऱ्या काही स्त्रियांनी स्वतःही ते दुःख भोगलेले होते आणि आता त्या इतरांना सावरत होत्या. रमाबाईंना हे नवीन होते. पतित स्त्रीला शिक्षा करायची असते, एवढेच त्यांनी आजवर ऐकले होते. तिला प्रेमाने घरात घेता येते, हे त्या प्रथमच पाहत होत्या.

हे कुठून आले, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. संत योहानच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायातली ही गोष्ट आपणही प्रायश्चित्त काळात ऐकतो. भर दुपारची वेळ, याकोबाची विहीर, थकलेला येशू आणि पाण्याला आलेली एकटी बाई. यहुदी माणूस शमरोन्यांच्या हातचे पाणी पीत नसे. आणि प्रभू तिच्याकडे पाणी मागतो! आपल्या शिरूर-दौंडच्या उन्हात ज्यांनी पाणी वाहिले आहे, आणि अमुक पाणवठा अमक्यांचा, अमुक त्यांचा नव्हे, हे ज्यांच्या आजी-आजोबांनी सोसले आहे, त्यांना या गोष्टीचा अर्थ फोडून सांगायला नको. प्रभूने ऐक्यावर प्रवचन केले नाही. त्याने तिच्या हातचे पाणी मागितले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ऐक्य म्हणजे एकसारखेपणा नव्हे

यापुढचा भाग आपण नीट समजून घ्यायला हवा. ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाईंनी आपले सगळे सोडून दिले नाही. पांढरे लुगडे आणि शाकाहार त्यांनी कायम ठेवला. त्यांना दिलेल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. लॅटिनच का, माझ्या पूर्वजांची संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता. आश्रमातील भगिनींशी त्यांचे श्रद्धेच्या काही मुद्द्यांवर मतभेद झाले आणि ते पत्रांतून वर्षानुवर्षे चालले. पण मतभेद झाले म्हणून त्यांनी नाते तोडले नाही आणि नाते टिकवायचे म्हणून मत गिळले नाही. ख्रिस्ती लोकांमधले इतके पंथ पाहून त्या गोंधळल्या आणि आपण केवळ ख्रिस्ताच्या आहोत, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक आणि अनेक यांचा संबंध काय, हा जुना प्रश्न आम्हाला अभ्यासावा लागे. ग्रंथांत त्याची उत्तरे लांबलचक आहेत. रमाबाईंनी ते उत्तर जगून दाखवले. सगळ्यांना एका साच्यात घातले की जे मिळते त्याला शिस्त म्हणता येईल, ऐक्य नव्हे. आपापला चेहरा ठेवून एका पंगतीत बसता येणे म्हणजे ऐक्य.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. फिलाडेल्फियात ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. एक हिंदू, एक ख्रिस्ती, पण दोघी मराठी, एकमेकींच्या नात्यातल्या, आणि दोघींच्या मनात एकच कळकळ. अमेरिकेत रमाबाईंनी गावोगाव फिरून भारतातील विधवांची स्थिती सांगितली. १८८७ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बोस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करणारे मंडळ उभे राहिले. तिथल्या चांगल्या गोष्टींचे त्यांनी कौतुक केले, तसेच काळ्या लोकांवर होणारा अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

शारदा सदन आणि वादळ

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. इथे हिंदू मुलींना त्यांचे रिवाज पाळण्याची, स्वयंपाक आपल्या पद्धतीने करण्याची मोकळीक होती. इथेच शिकलेल्या गोदूबाई या तरुण विधवेशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. पुढे महर्षी कर्वे म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

पण त्याच वर्षी वादळ उठले. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केले जात आहे, असा आरोप झाला. केसरीने कडक टीका केली, सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर बाजूला झाले, पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. लेकीबाळींची काळजी वाटणाऱ्या पालकांची भीतीही खरी होती आणि आपली प्रार्थना लपवणार नाही हा रमाबाईंचा बाणाही खरा होता. इतके मात्र दिसते की त्यांनी विरोधकांचा सूड उगवला नाही आणि दारही बंद केले नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्याविषयी भीती असते तेव्हा आपण काय करतो, हा प्रश्न आजही अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपणा सर्वांपुढे आहेच.

केडगावची माती

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचल्या आणि रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. वाटेत पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि स्त्रिया त्यांनी गोळा केल्या. पुण्यात आणल्या तोवर १८९७ च्या प्लेगची साथ भरात आली होती आणि सदनात इतकी माणसे ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता कुठे जायचे? केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या ठोकून सुमारे तीनशे जीव राहू लागले. मुक्तीची सुरुवात ही अशी झाली.

याच काळात प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली आणि तो विषय विलायतेतल्या पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. शांती हवी म्हणून अन्यायावर पांघरूण घालायचे नसते, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

१९०० च्या सुमारास गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. मुक्तीतल्याच काही स्त्रिया तिकडे गेल्या आणि आणखी शेकडो अनाथांना घेऊन आल्या. केडगावची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. आपण क्षणभर कल्पना करू या. दोन हजार तोंडे, दोन वेळचे जेवण, आणि तेही आपल्या कोरड्या भागात, जिथे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात!

या दोन हजारांत ब्राह्मण होत्या, कुणबी होत्या, ज्यांची सावली टाळली जाई अशाही होत्या. कुणाची भाषा मराठी, कुणाची हिंदी, कुणाची गुजराती. त्यांना एकत्र कशाने आणले? रमाबाईंनी त्यांना कामाला जोडले. कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी मागावर, कोणी तेलघाण्यावर, कोणी शिवणकामात, कोणी छापखान्यात. जी कालपर्यंत भाकरी मागत होती ती आज दुसरीसाठी भाकरी थापू लागली. पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अपंग आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तीमय सदन उभे राहिले. अंध मुलींना बोटांनी वाचायला मनोरमाबाईंनी शिकवले. एकेकाळी मजुरी कमीपणाची म्हणून उपाशी राहिलेल्या घराण्यातली ही लेक, आता कष्टालाच मान मिळवून देत होती.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्यांनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. अडाणी बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या एका लेकीचे दुःख पोटात घालून आईने भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. छापलेले पूर्ण बायबल त्यांच्या मागे वाचकांच्या हाती आले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. केडगावचे काम आजही चालू आहे.

आपल्या खांद्याचे काय?

प्रिय भाविकांनो, रमाबाईंचे सर्वच धर्मविचार आपल्या कॅथोलिक श्रद्धेशी जुळतील असे नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा जो आदेश दिला, त्यात इतर ख्रिस्ती बंधू-भगिनींमध्ये दिसणारी ख्रिस्ताची संपत्ती आनंदाने ओळखावी, असे आपल्याला शिकवले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली मानवी बंधुतेवर परिपत्र लिहिले तेव्हा त्याच्या मध्यभागी चांगल्या शमरोन्याची गोष्ट ठेवली. वाटेत पडलेल्याला उचलणारा परकाच होता, हे विसरू नये म्हणून!

आपल्या भागाकडे पाहा. ऊसतोडीच्या हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडची कुटुंबे आपल्या शिवारात पाली ठोकतात. त्यांची मुले थंडीत उघड्यावर निजतात. रांजणगावच्या कारखान्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले तरुण एकेका खोलीत पाच-सहाजण राहतात. दौंडच्या रेल्वेने तर किती प्रांतांची माणसे इथे आणून वसवली. आपल्याच मिस्सामध्ये कोणी मराठीत, कोणी कोंकणीत, कोणी तमिळमध्ये मनातल्या मनात प्रार्थना करतो. आणि मिस्सा संपल्यावर? आपण आपापल्या लोकांचा घोळका करून उभे राहतो. नवीन आलेले कुटुंब फाटकापाशी थोडे रेंगाळते आणि निघून जाते. मी धर्मगुरू म्हणून हे पाहतो आणि कबूल करतो की कित्येकदा मीसुद्धा ओळखीच्या माणसांशीच बोलत राहतो.

कोविडच्या दिवसांत, २०२० आणि २०२१ मध्ये, खांदा म्हणजे काय ते आपण सर्वांनी अनुभवले. सख्खे नातेवाईक जवळ येऊ शकत नव्हते आणि कितीतरी ठिकाणी परधर्मीय तरुणांनी अंत्यविधी पार पाडले. तेव्हा कुणी जात विचारली नाही. मग आता का विचारतो?

क्रुसाच्या वाटेत पाचव्या स्थानापाशी आपण गुडघे टेकतो. कुरेनेकर शिमोन हा परगावचा माणूस, शेतावरून येत होता. त्याच्यावर सक्ती झाली आणि त्याने प्रभूचा क्रूस उचलला. त्याला ना प्रभूची ओळख होती, ना त्या प्रसंगाचा अर्थ ठाऊक होता. फक्त एक खांदा कमी पडत होता आणि तो त्याने दिला. जगाचे तारण ज्या वाटेने चालले होते, त्या वाटेवर एका सामान्य शेतकऱ्याचा खांदा लागला!

म्हणून या आठवड्यात तीन लहान गोष्टी करू या. मोबाईलवर एखाद्या समाजाविषयी विष पसरवणारा मजकूर आला तर तो आपल्यापाशीच थांबवू या. आपल्या आळीत, आपल्या जातीचे किंवा धर्माचे नसलेल्या एखाद्या घरी दुःख झाले असेल तर तिथे जाऊन दहा मिनिटे बसू या. आणि आज मिस्सा संपल्यावर, ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही अशा एका तरी कुटुंबाला नाव विचारू या आणि घरी चहाला बोलवू या. जगात शांती केव्हा येईल हे मला ठाऊक नाही. पण केडगावच्या माळावर ती कशी आली ते आपल्याला ठाऊक आहे. एकेका ताटाने, एकेका अंथरुणाने, एकेका हाताला दिलेल्या कामाने ती आली.

जमल्यास एखाद्या दिवशी मुलाबाळांना घेऊन केडगावला उतरा. रमाबाईंच्या कबरीपाशी दोन मिनिटे शांत उभे राहा आणि प्रभूला विनंती करा. हे प्रभो, तू शमरोनी स्त्रीकडे पाणी मागितलेस. आम्ही ज्यांना परके मानतो त्यांच्या हातून घेण्याची नम्रता आम्हाला दे. जिथे तीन खांदे आहेत आणि चौथा कमी पडतो आहे, तिथे आमची पावले वळव. आमच्या शिरूरला, आमच्या दौंडला आणि साऱ्या जगाला तुझी शांती दे. आमेन.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू